रेव्हरंड उमाप भांडणाच्या शोधात

रेव्हरंड जितेंद्र उमाप यांना एक भांडण हवं होतं. फार मोठं नको होतं. चर्चच्या मंडळीतल्या दोन घरांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय, एक पंच दुसऱ्या पंचाला सलाम करत नाही, इतपत चाललं असतं. पण तेवढंही मिळत नव्हतं, आणि ते मिळाल्याशिवाय त्यांना डॉक्टरेट मिळणार नव्हती.

मीरा रोडच्या शांती नगरात एका फरसाणवाल्याच्या वरच्या मजल्यावर कोचिंग क्लासचा हॉल आहे. आठवडाभर तिथे दहावीची मुलं गणितं सोडवतात. रविवारी सकाळी फळा पुसून त्यावर गीतांचे नंबर लिहिले जातात आणि उमाप साहेबांची मराठी मंडळी उपासनेला बसते. उपदेश रंगात आला की नेमका खालून गरम जिलेबीचा वास येतो आणि लोकांचे डोळे मिटतात ते प्रार्थनेसाठी नव्हे. त्यामुळे महत्त्वाचं जे काय असेल ते खालची कढई तापायच्या आत सांगून टाकायचं, ही सवय साहेबांनी फार पूर्वीच लावून घेतली होती.

माणूस मूळचा जालन्याकडचा. पन्नाशी ओलांडलेली, आवाज भारदस्त, स्वभाव तसा गरीब. डॉक्टरेटचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका परिषदेत. पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा, त्यांच्याच नोट्स उतरवून पास झालेला नीरज तिथे पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्यासमोर पाण्याची बाटली होती, नावाची पाटी होती आणि पाटीवर ‘रेव्ह. डॉ.’ होतं. उमाप साहेब बसले होते मागे, खांबाच्या आड. त्यांना नीरज दिसत नव्हता, पण पाटी दिसत होती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं, "मी डॉक्टरेट करतोय."

शैला भाईंदरच्या पोस्टात कामाला. दिवसभर काउंटरवर लोकांचं ऐकून घ्यायचं असल्यामुळे घरी ती मोजकंच बोलायची. "करा," ती म्हणाली.

पदवीचं नाव होतं डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री. त्यातल्या ‘मिनिस्ट्री’ शब्दाने सोसायटीत वेगळाच घोटाळा केला. सेक्रेटरींना वाटलं साहेबांचं मंत्रालयात काहीतरी जमलं. ते एका संध्याकाळी सोसायटीच्या जमिनीची फाइल काखेत मारून आले आणि चहा संपला तरी उठेनात. ही मिनिस्ट्री म्हणजे देवाची सेवा, हे साहेबांनी परोपरीने समजावलं. सेक्रेटरी जाताना म्हणाले, "ठीक आहे, वरूनच दबाव आणा मग."

ह्या पदवीत नुसती पुस्तकं वाचून भागत नाही. आपल्याच मंडळीतला एक खरा प्रश्न घ्यायचा, त्यावर काही महिने उपाय करून बघायचा आणि काय घडलं ते प्रबंधात मांडायचं. साहेबांनी विषय निवडला होता ‘शहरी मराठी मंडळीतील कलह आणि समेट’. निवडला तेव्हा त्यांच्याकडे एक छान कलह होता. पार्किंगच्या जागेवरून दोन घरं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. पण विषय मंजूर होऊन येईपर्यंत ह्या घरची मुलगी त्या घरात सून म्हणून गेली. लग्न साहेबांनाच लावावं लागलं. त्या लग्नाच्या फोटोत त्यांच्याइतका खिन्न माणूस दुसरा नाही.

त्यांच्या मार्गदर्शक डॉ. ममता जाधव वयाने त्यांच्यापेक्षा बऱ्याच लहान, पण व्हिडिओ कॉलवर त्या चष्मा कपाळावर चढवून बघायला लागल्या की साहेबांना आपण गृहपाठ न केलेले विद्यार्थी आहोत असं वाटायचं.

"उमाप सर, समेटाचं प्रकरण फार छान लिहिलंय तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण कलह कुठाय?"

"मॅडम, तो मिटला."

"तुम्ही मिटवलात?"

"नाही. त्यांचं लग्न झालं."

डॉ. ममतांनी चष्मा खाली घेतला. "आपोआप मिटलेल्या भांडणावर डॉक्टरेट मिळत नाही, सर. दुसरं बघा. एवढ्या मंडळीत काहीतरी असेलच. ईस्टरनंतर मी स्वतः तिकडे येऊन लोकांशी बोलणार आहे."

लेंटचे, ईस्टरआधीच्या उपवासाचे आणि पश्चात्तापाचे, दिवस नुकतेच सुरू झाले होते. म्हणजे हातात फार वेळ नव्हता. साहेब कामाला लागले. अभ्यास सुरू झाल्यापासून त्यांचं घरोघरी जाणं सुटलं होतं. आता ते संध्याकाळी रिक्षा करून निघाले की लोकांना भरून यायचं. साहेब स्वतः दारात आले म्हणून पोहे व्हायचे, भजी व्हायची, शेजारच्यांना हाक जायची. खाऊन झालं की साहेब हळूच विचारायचे, "मग, मंडळीत कुणाशी काही... बरंवाईट?"

"छे हो! देवाच्या कृपेनं सगळं छान."

"मनात काही खुपत असेल तर मोकळेपणानं सांगा."

"काहीच नाही, साहेब. अजून दोन भजी घ्या."

शेवटची आशा होती गोदूबाई. गोदूबाई ऐंशीच्या घरातली, भाईंदर पश्चिमेला एकटी राहणारी, जिभेला धार असलेली बाई. तिने आजवर तीन पाळकांना रडवलं होतं असं म्हणत. साहेब तिच्याकडे मोठ्या उमेदीने गेले.

"भांडण?" गोदूबाई म्हणाली. "लेंट चालू हाय ना, साहेब. मी समद्यांना माफ केलंय."

"सगळ्यांना?"

"समद्यांना. ईस्टर झाल्यावर या, मग बघू."

साहेब परत येताना पार खचले होते. एवढी शांती त्यांना कधीच बोचली नव्हती.

आणि मग मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांची सभा आली. दरवर्षी ईस्टरनंतरच्या रविवारी मंडळीचं प्रीतिभोजन होतं. ते हॉलमध्ये करता येत नाही, म्हणून सगळे बसने राई गावात जातात. तिथे सदू पाटलाचं मोठं अंगण आहे. सदू मंडळीतला नव्हे. तो गावचा, हिंदू, पण मंडळीचे खजिनदार रोशन भिंगारदिवे आणि तो एकाच बँकेत. रोशन मूळचा नगरचा. प्रीतिभोजनाचं मटण तो स्वतः करतो, आईने पाठवलेल्या काळ्या मसाल्यात, आणि ते करताना कुणाला चुलीजवळ फिरकू देत नाही. सभेत प्रीतिभोजनाचा विषय निघाला की सगळे "नेहमीप्रमाणे" म्हणायचे आणि पुढच्या विषयाकडे वळायचे.

ह्या वेळीही सगळे "नेहमीप्रमाणे" म्हणाले. आणि साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "नेहमीप्रमाणेच का?"

आपण भांडण लावतोय असं त्यांना त्या क्षणी अजिबात वाटलं नाही. आपण फक्त एक प्रश्न मांडतोय, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

रोशनने मान वर केली. "म्हणजे? मटणात काही कमी होतं का साहेब?"

"तसं नाही. पण सगळ्यांना आवडतं का, हे आपण कधी विचारलेलंच नाही."

मग गायकवृंदाची प्रमुख मिनल पंडित, जी सभेत सहसा फक्त गीतांच्या झेरॉक्सवर बोलायची, ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, मटण चांगलंच असतं तुमचं. पण..."

"पण काय?"

"जरा तिखट."

"जरा तिखट?" रोशन म्हणाला. "मटण आहे ते. शिरा नाही."

"म्हणून तर म्हटलं, ह्या वेळी बिर्याणी मागवावी. मुलंही खातील."

"मागवावी? प्रीतिभोजन मागवायचं? बाहेरून?"

साहेबांच्या छातीत एक गोड कळ उठली. कलहाचा प्रारंभ! त्यांनी दोघांना शांत करण्यासाठी हात वर केला, पण फार वर केला नाही.

त्या संध्याकाळी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिनलच्या बाजूने कुणीतरी बिर्याणीच्या हंडीचा फोटो टाकला. त्याखाली हृदयं आली. मग रोशनने मिरचीचा एक फोटो टाकला आणि लिहिलं, ‘ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी प्रार्थना.’ दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांना दिसलं, ‘रोशन भिंगारदिवे ग्रुपमधून बाहेर पडले.’ त्याच्या मागोमाग त्याचे दोन मेव्हणे बाहेर पडले, आणि शेवटी त्याची बायको. पण ती संध्याकाळी परत आली, कारण मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेच्या सूचना त्याच ग्रुपवर यायच्या.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये कुणी न सांगता दोन बाजू झाल्या. बिर्याणीवाले उजवीकडे, मटणवाले डावीकडे. न्यायाच्या दिवशी तारलेली मेंढरं उजवीकडे आणि टाकलेली शेरडं डावीकडे, हे बायबलचं वचन सगळ्यांना पाठ. त्यामुळे उजवीकडचे डावीकडे बघून गालातल्या गालात हसायला लागले. गोदूबाईला ऐकू कमी येत असल्याने ती बोलते मोठ्याने. "शेरडाचं मटण खानारे शेरडांच्या जागी बसलेत," ती म्हणाली, "बराबरच हाय." एवढं बोलून ती स्वतःही डावीकडे जाऊन बसली, कारण तिला मटण आवडायचं.

गायकवृंदात बायका सगळ्या मिनलच्या, पुरुष सगळे रोशनचे. पहिल्याच गीताला पुरुषांनी तोंड उघडलं नाही. मग दुसऱ्या गीताला बायका गप्प बसल्या आणि पुरुष असे काही गायले की खालचा फरसाणवाला जिन्यावर आला.

"पादरीजी, सब ठीक है ना ऊपर?" त्याने विचारलं. "ग्राहक पूछ रहे हैं."

"सब ठीक है," साहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की फरसाणवाल्याला ते खरंच वाटलं.

घरी साहेब झपाटल्यासारखे टाइप करत होते. ‘पक्षनिर्मिती’, ‘आसनव्यवस्थेतील ध्रुवीकरण’, ‘मौनाचे राजकारण’. प्रकरणं धडाधड तयार होत होती. शैला पोस्टातून आल्यावर पर्स टांगत म्हणाली, "आज मिनल आली होती काउंटरवर. रडत होती."

"हो का? किती वेळ?"

शैला त्यांच्याकडे बघत राहिली. "अहो, तुमचं स्वतःचं काय मत आहे? मटण की बिर्याणी?"

"मी तटस्थ आहे. मध्यस्थाला मत नसतं."

"मग मध्यस्थी कधी करणार?"

"कलह जरा परिपक्व होऊ दे," साहेब म्हणाले आणि पुन्हा लॅपटॉपकडे वळले.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी गोदूबाई उपासनेला आली नाही. डावी बाजू म्हणाली, उजवीकडच्यांनी तिला काहीतरी बोलून दुखावलं. उजवी बाजू म्हणाली, ती आमच्याशी बोलायला नको म्हणून आली नाही. साहेबांनी लिहिलं, ‘ज्येष्ठ सभासदांचाही उपासनेवर बहिष्कार.’ वाक्य त्यांना आवडलं. त्यांनी ते ठळक केलं.

बहिष्कार वगैरे काही नव्हतं. गोदूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडली होती आणि तिचा हात मोडला होता. शेजारच्या गुजराती बाईने तिला दवाखान्यात नेलं, प्लास्टर घालून घेतलं, घरी आणलं, दोन वेळचं जेवण दिलं. मंडळीतलं कुणीही फिरकलं नाही. बातमी दोन्ही बाजूंना उडत उडत लागली होती. मटणवाल्यांना वाटलं बायका गेल्या असतील, बायकांना वाटलं ती त्यांच्यातली आहे, ते बघतील. शैलाला कळलं तेही पोस्टात. गोदूबाईच्या पेन्शनला ती शेजारीण तिला सोबत घेऊन आली तेव्हा.

शैला घरी आली ती चपला न काढता आत आली. तिने लॅपटॉपचं झाकण बंद केलं. साहेबांची बोटं आतच होती.

"गोदूबाईंचा हात मोडलाय," ती म्हणाली. "चार दिवस झाले. चला."

गोदूबाई खाटेवर बसली होती. प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या हाताने ती वाटीतून ढोकळा खात होती. साहेबांना बघून तिने ढोकळा खाणं थांबवलं नाही.

"आलात? बसा. तुम्ही बी बसा, बाई."

साहेब बसले. ते म्हणाले, "गोदूबाई, मला कळलंच नाही."

"कसं कळंल? तुमी लिवत व्हता." गोदूबाईने वाटी खाली ठेवली. "एक विचारू? हे भांडान तुमीच लावलं ना?"

साहेबांनी शैलाकडे बघितलं. शैला खिडकीबाहेर बघत होती.

"असं का वाटतं तुम्हाला?"

"अवो, आख्ख्या मंडळीत कुनी मटन म्हनतंय, कुनी बिर्यानी म्हनतंय. तान्ही पोरं बी बोलायला लागलीत. तुमीच तेवढे बोलत नाय. आनि तुमी तर असं मानूस, की गीताच्या चालीवर बी अर्धा तास बोलता." तिने पुन्हा वाटी उचलली. "ज्याला भांडान लावायचंय तो त्यात पडत नसतो. लांब बसून बघतो."

साहेबांचा भारदस्त आवाज कुठे गेला कोण जाणे. ते पुटपुटले, "मी फक्त एक प्रश्न विचारला होता."

"कशापाई?"

"प्रबंधासाठी."

"म्हंजे नावाम्होरं डाक्टर लागावं म्हनून?"

साहेबांनी मान डोलावली. गोदूबाईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यापेक्षा ओरडणं परवडलं असतं. मग ती म्हणाली, "माझा लेंट अजून संपला नाय, म्हनून मी काय बोलत नाय. पन तुमी समद्यांना सांगा. ईस्टरला सांगा. त्या दिवशी समदे येत्यात."

ईस्टरपर्यंत साहेबांना जेवण गेलं नाही. सांगायचं कसं, याचे त्यांनी नऊ-दहा मसुदे केले. एकात ‘संशोधनात्मक हस्तक्षेप’ हा शब्द होता. शैलाने तो वाचला आणि म्हणाली, "ह्यात काडी कुठाय?"

"कसली काडी?"

"जी तुम्ही टाकलीत ती."

ईस्टरच्या सकाळी हॉल गच्च भरला होता. दोन्ही बाजू नवे कपडे घालून, एकमेकांकडे न बघता बसल्या होत्या. गोदूबाईला शेजारणीने रिक्षाने आणून सोडलं होतं. उपासना झाली, आशीर्वाद झाला. लोक उठायला लागले तेव्हा साहेब म्हणाले, "जरा बसा." मग त्यांनी सांगितलं. मसुदा खिशातच राहिला. मला पदवीसाठी भांडण हवं होतं, ते मिळेना, म्हणून मी सभेत मुद्दाम विचारलं आणि तुम्ही भांडत असताना मी घरी बसून ते लिहीत होतो. मी चुकलो. मला माफ करा. इतकंच.

खालून जिलेबीचा वास यायला लागला होता. कुणाचंच लक्ष नव्हतं.

सगळ्यात आधी रोशन उठला. "म्हणजे माझं मटण तिखट नव्हतंच?"

"तिखट होतंच," मिनल म्हणाली. तीही उठली होती. "पण भाऊ, तो मुद्दा नाही. आपण इकडे रडून रडून आजारी पडलो आणि हे लिहीत होते!"

"माझी बायको आणि मी दहा दिवस बोललो नाही!"

"आमच्या गायकवृंदाची वाट लागली!"

बोलता बोलता डावीकडचे उजवीकडे सरकले, उजवीकडचे मध्ये आले. लग्नातही कधी एकत्र उभे न राहिलेले लोक खांद्याला खांदा लावून साहेबांसमोर उभे राहिले. मंडळी इतकी एकजूट झालेली साहेबांनी त्यांच्या सेवाकाळात पाहिली नव्हती, आणि ती पूर्णपणे त्यांच्या विरोधात होती. पंचांनी तिथल्या तिथे, फळ्याजवळ उभं राहून ठराव केला. प्रीतिभोजन ठरल्या दिवशी होईल. मटण नाही, बिर्याणी नाही. पाळक जे स्वतःच्या हाताने रांधतील ते मंडळी खाईल.

"मला फक्त पिठलं येतं," साहेब म्हणाले. सेमिनरीच्या वसतिगृहात शिकले होते.

"मग पिठलं," रोशन आणि मिनल एकदम म्हणाले, आणि एकदम म्हटल्याचं लक्षात आल्यावर दोघं ओशाळले.

त्या रविवारी राईत ऊन मी म्हणत होतं. सदू पाटलाच्या अंगणात तीन दगडांची चूल पेटली होती, तिच्यावर भलं मोठं पातेलं होतं आणि पातेल्यासमोर धोतराच्या फडक्याने डोकं बांधलेले रेव्हरंड उमाप उभे होते. भाकऱ्या शैलाने शांती नगरच्या पोळीभाजी केंद्रातून आणल्या होत्या. तेवढी सवलत पंचांनी दिली होती. सगळी मंडळी आंब्याच्या सावलीत बसून बघत होती. कुणी मदतीला उठत नव्हतं.

साहेबांनी फोडणीत बेसन लोटलं. पातेल्यातून एक उसासा निघाला आणि बघता बघता आत गोळे फिरायला लागले. सदू जवळ येऊन वाकून म्हणाला, "साहेब, पानी कमी हाय. आनखी ओता, न्हायतर लाडू व्हतील."

नेमक्या त्याच वेळी फाटकातून डॉ. ममता जाधव आल्या. त्यांनी धुराने लाल झालेल्या डोळ्यांच्या, हातात लांब दांड्याचा डाव धरलेल्या आपल्या विद्यार्थ्याकडे बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सर, हा उपक्रमाचा भाग आहे का?"

साहेबांनी ढवळता ढवळता त्यांनाही सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. डॉ. ममतांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "उमाप सर, संशोधकाने प्रश्न शोधायचा असतो, निर्माण करायचा नसतो. हे भांडण प्रबंधात चालणार नाही. प्रकल्प रद्द करावा लागेल."

हे सावलीत ऐकू गेलं. तिथे जरा कुजबुज झाली. मग रोशन उठून आला. त्याने आधी साहेबांच्या हातातला डाव काढून घेतला, कारण खाली लागायला लागलं होतं आणि ते त्याला बघवेना. गोळे पातेल्याच्या कडेला दाबून फोडत तो म्हणाला, "मॅडम, चालणार नाही म्हणजे? आमचं भांडण खोटं होतं असं म्हणणं आहे का तुमचं?"

"खोटं नाही. सरांनी निर्माण केलेलं."

"काय निर्माण केलं?" मिनलही आली होती. "मी लग्न करून ह्या मंडळीत आले तेव्हापासून ते मटण मला तिखट लागतंय. दर वर्षी पाणी पिऊन गप्प बसायचे."

"मग सांगायचं ना!" रोशन म्हणाला.

"वाढताना विचारता का तुम्ही? सरळ ओतता!"

"प्रेमानं वाढतो!"

"बघा मॅडम," मिनल म्हणाली, "ह्यात कुठे साहेब आहेत?"

डॉ. ममतांनी पर्समधून पेन काढलं. एवढ्यात गोदूबाई प्लास्टरचा हात सांभाळत आली आणि खुर्ची मागवून मध्ये बसली. ईस्टर उलटून गेला होता, त्यामुळे ती आता मोकळी होती.

"बाई, काडी साहेबांनी लावली, पन लाकडं आमचीच व्हती," ती म्हणाली. "आनि खरं भांडान तर अजून कुनी काढलंच नाय. हे साहेब शिकायला लागले तवापासून घरी येत नव्हते. पार सोडूनच दिलं व्हतं. माझा नवरा वारला त्या वर्सदिनाला मी वाट बघितली. आले नाय. मग लेंटात आले ते भांडान हाय का विचारायला."

मग आंब्याखालून कुणीतरी म्हणालं, आमच्या नातवाच्या चर्चमधल्या समर्पणविधीला साहेब पाऊण तास उशिरा आले. दुसरं कुणी म्हणालं, गेल्या वर्षीचे उपदेश आदल्या वर्षीचेच होते, फक्त क्रम बदलला होता. एकेक जण बोलायला लागला. कुणी रागावून, कुणी चाचरत, कुणी आधी "साहेब, वाईट वाटून घेऊ नका" म्हणून. साहेब चुलीशेजारी उभे राहून ऐकत होते. धुराने त्यांचे डोळे गळत होते, आणि काही वेळाने ते फक्त धुराने गळत नव्हते. त्यांना दोन-तीनदा खुलासा करावासा वाटला. शैलाने लांबूनच नको म्हणून मान हलवली. ते गप्प राहिले.

"हे मला कुणी आधी का सांगितलं नाही?" डॉ. ममतांनी विचारलं.

"कुणी विचारलं नव्हतं," साहेब म्हणाले.

डॉ. ममतांनी पेन बंद केलं. मग त्या म्हणाल्या, "जुना प्रकल्प रद्द. पण हा कलह खरा आहे, आणि तो सरांनी लावलेला नाही. म्हणजे, लावलाय, पण नकळत. मंडळी आणि पाळक. ह्याच्यावर काम करायचं असेल तर मी मार्गदर्शन करेन. मात्र सर, मध्यस्थ तुम्ही नसाल. तुम्ही पक्षकार आहात."

"मग मध्यस्थ कोण?"

डॉ. ममतांनी आजूबाजूला नजर फिरवली. रोशन पिठलं ढवळत होता. मिनल त्याच्या शेजारी उभी राहून मीठ चाखत होती आणि तोंड वाकडं करत होती.

"हे दोघं," त्या म्हणाल्या. "ह्यांना अनुभव आहे."

पिठलं शेवटी बऱ्यापैकी झालं. खाली लागलं होतं ते लागलंच. पण रोशनने वरून लसणीची फोडणी ओतली आणि सदूच्या घरून कच्चा कांदा, हिरव्या मिरच्या आल्या. मिनलने दोनदा घेतलं. गोदूबाईला शैलाने भरवलं. डॉ. ममता पंक्तीत मांडी घालून बसल्या आणि साहेब वाढायला फिरले. प्रत्येकाला विचारून वाढत होते, अगदी अंगावर येईल इतकं विचारून.

परतीच्या बसमध्ये साहेबांच्या पायांशी रिकामं पातेलं होतं आणि शेजारी शैला होती. मुर्धे गाव मागे गेलं.

"आता पुन्हा सगळं पहिल्यापासून?" शैलाने विचारलं.

"हो."

"किती दिवस लागतील?"

"मॅडम म्हणाल्या, एक वर्ष."

"आणि अभ्यासाचा विषय तुम्ही."

"मी."

शैलाने त्यांच्या कपाळावरची राख पदराने पुसली. "मग वर्षात नाही व्हायचं," ती म्हणाली.

नाहीच झालं. दोन वर्षं लागली. दर महिन्याच्या बैठकीत रोशन आणि मिनल खुर्च्यांवर बसायचे आणि साहेब बाकावर, विद्यार्थ्यांच्या. तोंडी परीक्षेला तिघांनाही बोलावलं गेलं. परीक्षकांनी साहेबांना विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिनलने दिलं, दुसऱ्याचं रोशनने दिलं, आणि तिसऱ्या प्रश्नावर त्या दोघांचं एकमेकांत जुंपलं तेव्हा साहेब हाताची घडी घालून ऐकत बसले. पदवी दुरुस्त्यांसह मंजूर झाली. साहेब तिथून थेट घरी आले नाहीत. त्या दिवशी गुरुवार होता, आणि गुरुवारी संध्याकाळी नवघर रोडच्या एका आजारी गृहस्थांकडे जायचं त्यांनी कबूल केलेलं होतं.